धुराड्याखालचा स्वच्छ पट्टा : जस्त, शेवाळ आणि विरघळण्याची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा ज्यांचे इयरफोन नेमके लोकलमध्ये चढल्यावर दगा देतात, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा मजकूर. बोलताना झालेलं "अं... म्हणजे..." तेवढं काढलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

तर झालं असं. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, अमेरिकेत ओरेगन राज्यात राहतो, पोर्टलंडच्या शेजारी बीव्हर्टन नावाच्या गावात. तीन वर्षांपूर्वी त्याने तिथे एक जुनं घर घेतलं. आणि गेल्या नोव्हेंबरात घराच्या विमा कंपनीचं पत्र आलं. सोबत छपराचा वरून काढलेला फोटो. मजकूर एवढाच, की छपरावरचं शेवाळ ६० दिवसांत काढा, नाहीतर पॉलिसी पुढे चालू राहणार नाही.

दादाने मला व्हिडिओ कॉल लावला, अंगणात गेला आणि फोन वर धरला. "बघ, आपल्या गावच्या घरासारखं झालंय की नाही?"

झालंच होतं. आमचं गावचं घर कौलारू, कोकणातलं. श्रावणात त्याची मागची बाजू अशीच हिरवी मखमल पांघरते. दादाच्या घराचा उत्तरेकडचा उतार अगदी तसा. पण एका जागी मात्र नाही. छपरातून वर आलेलं धुराडं, आणि त्याच्या बरोब्बर खाली, थेट पन्हळीपर्यंत, एक स्वच्छ पट्टा. जणू कुणीतरी झाडू फिरवलाय.

मी सॉफ्टवेअरवाली. हजार ओळींच्या लॉगमध्ये एक ओळ वेगळी दिसली की माझा जीव तिथेच अडकतो. मी म्हटलं, "दादा, शेवाळ सोड. तिथे का नाहीये ते सांग."

दादा म्हणाला, "तेच तर. छपरवाला आला होता, तोही हेच दाखवत होता. धुराड्याच्या बुडाशी पाणी आत शिरू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा असतो. त्याच्यावरून पावसाचं पाणी जिथे वाहतं, तिथे शेवाळ धरत नाही. म्हणून आढ्यालगत जस्ताची पट्टी ठोकू या म्हणतोय. ठोकू का?"

"ठोकू का"चं उत्तर द्यायला मला चार शनिवार लागले. आजचा एपिसोड त्या चार शनिवारांचा.

सुरुवात करू जस्तापासून, आणि त्यासाठी ओरेगनहून सरळ राजस्थानात येऊ. उदयपूरच्या दक्षिणेला साधारण ४० किलोमीटरवर जावर नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या घरांच्या काही भिंती पाहिल्या तर त्या विटांच्या नाहीत. मातीच्या लांबट नळ्या एकावर एक रचून केलेल्या आहेत. या नळ्या म्हणजे वापरून टाकलेल्या मुशी. गावाच्या आसपास त्यांच्या तुकड्यांचे डोंगर आहेत. मोठ्या प्रमाणावर, धंदा म्हणून, जस्त गाळण्याचं काम जगात सगळ्यात आधी इथे झाल्याचे पुरावे सापडतात. साधारण बाराव्या-तेराव्या शतकापासून पुढे.

आता तुम्ही म्हणाल, धातू गाळण्यात एवढं काय? लोखंड, तांबं तर त्याच्या कितीतरी आधी गाळत होते की. गंमत इथेच आहे. जस्ताचं खनिज कोळशाबरोबर तापवलं तर त्यातून जस्त सुटायला हजार अंश सेल्सियसच्या वर तापमान लागतं. आणि जस्त उकळतं ९०७ अंशांना. म्हणजे धातू जन्माला येतो तोच वाफ होऊन. भट्टीच्या तळाशी रस जमेल म्हणून वाट बघत बसाल तर हाती काही लागत नाही. वाफ वर जाते, हवेशी गाठ पडली की जळते आणि तिची पांढरी राख होते. कित्येक शतकं लोक पितळ बनवत होते, पण सुटं जस्त हाती येत नव्हतं, ते याचमुळे.

जावरच्या लोकांनी काय केलं? भट्टीच उलटी केली. दोन मजली भट्टी, मध्ये भोकं पाडलेली मातीची जाळी. वरच्या मजल्यावर विस्तव आणि मुशी, तोंड खाली करून. एका भट्टीत ३६ मुशी. वाफेला वर जायला जागाच नाही. ती मुशीच्या मानेतून खालच्या थंड मजल्यावर उतरते आणि तिथल्या भांड्यात थेंब थेंब जमते. मुशीत माल भरताना मधोमध एक काडी खोचायचे. काडी जळून गेली की वाफेला वाट तयार! हे वाचलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून खोलीत दोन चकरा मारल्या. इतकी साधी युक्ती, आणि ती कुणाची हे आपल्याला कधीच कळणार नाही.

'रसरत्नसमुच्चय' या संस्कृत ग्रंथात अशा मुशीला नाव आहे, वृन्ताक मूषा. वृन्ताक म्हणजे वांगं. आणि जावरला सापडलेल्या मुशी खरोखरच लांबट वांग्यासारख्या आहेत, एका टोकाला देठासारखी नळी. १९८० च्या दशकात हिंदुस्तान झिंक, बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि ब्रिटिश म्युझियम यांनी मिळून तिथे शोध घेतला, तेव्हा या भट्ट्या मुशींसकट सापडल्या.

या भट्ट्या थंड का पडल्या, त्यात आपलाही वाटा आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मेवाडवर शिंदे-होळकरांच्या स्वाऱ्या आणि खंडणीचा तगादा सुरू होता. राज्य पिळून निघालं, पाठोपाठ दुष्काळ पडला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जावर ओस पडलं. अटकेपार झेंडे आपण आवडीने सांगतो. जावरच्या विझलेल्या भट्ट्या सहसा कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगितल्या.

तोवर युरोपात जस्त पोचलं होतं. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने १७३८ मध्ये जस्त गाळण्याचं पेटंट घेतलं, आणि त्याचीही वाफ वरून खालीच उतरत होती. ही कल्पना त्याने भारतातून उचलली का, यावर अभ्यासक अजून भांडतात. पुढे लिएजमधल्या जाँ-जाक दोनी नावाच्या धर्मगुरूला नेपोलियनने जस्ताच्या खाणीचा ठेका दिला. दोनीने १८१० मध्ये आपल्या भट्टीचं पेटंट घेतलं आणि नेपोलियनसाठी जस्ताचा एक बाथटबही बनवून घेतला. तो टब आजही लिएजमध्ये आहे. दोनी मात्र १८१९ मध्ये कर्जबाजारी होऊन मेला. पण त्याच्या पद्धतीमुळे जस्ताचे पत्रे स्वस्त झाले, आणि १८५० नंतर हाउसमन पॅरिस पाडून पुन्हा बांधत होता तेव्हा ते घराघरांवर चढले. आज पॅरिसची सुमारे ८० टक्के छपरं जस्ताची आहेत. फोटोत दिसतो ना तो निळसर करडा रंग, तो जस्ताचा.

आता जस्त थोडं बाजूला ठेवू आणि जहाजांकडे जाऊ. विषय सोडत नाहीये. माझ्या चार शनिवारांतला सगळ्यात आवडता शनिवार हाच.

लाकडी जहाजांचे दोन वैरी. एक, लाकूड पोखरणारा समुद्री किडा. दुसरा, तळाला चिकटणारं शेवाळ आणि शिंपले. तळ असा माखला की जहाज जड होतं, वेग जातो. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये 'अलार्म' नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचे पातळ पत्रे ठोकून पाहिले. किडाही थांबला, शेवाळही. वीसेक वर्षांत जवळजवळ सगळ्या आरमाराला तांब्याचे तळ बसले. अडचण एकच होती. खाऱ्या पाण्यात तांबं झिजायचं, काही वर्षांनी पत्रे बदलायला लागायचे, आणि तांबं काही स्वस्त नव्हतं.

म्हणून आरमाराने त्या काळातल्या सगळ्यात नावाजलेल्या रसायनशास्त्रज्ञाला गाठलं. हम्फ्री डेव्ही. सोडियम, पोटॅशियम वेगळे करणारा, खाणकामगारांचा दिवा बनवणारा. डेव्हीने १८२४ मध्ये उपाय सांगितला, आणि उपाय खरंच सुंदर होता. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा छोटा तुकडा जोडा. खाऱ्या पाण्यात दोन धातू जोडले की त्यांची बॅटरी होते, आणि जो धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतो तो आधी झिजतो. जस्त झिजेल, तांबं वाचेल. लहानशा तुकड्याने मोठा पत्रा वाचतो हे त्याने प्रयोगशाळेत दाखवून दिलं.

जहाजांना तुकडे जोडले. जहाजं फेऱ्या मारून परत आली. तांबं तपासलं, जवळजवळ नव्यासारखं. डेव्ही बरोबर होता.

फक्त तळ शेवाळाने आणि शिंपल्यांनी भरून गेला होता.

कळलं का काय झालं? तांबं शेवाळाला मारायचं, कारण ते विरघळत होतं. पाण्यात सतत थोडं थोडं तांबं सुटत होतं आणि तेच विष होतं. डेव्हीने विरघळणं थांबवलं आणि विषही थांबलं. 'तोटा' म्हणून ज्याची नोंद होत होती, तोटा नव्हताच तो, तेच काम होतं! १८२५ मध्ये आरमाराने ते तुकडे काढून टाकायला लावले. आमच्या कामातही असं होतं. कुणीतरी जुन्या कोडमधली 'उगाचच फिरणारी' एक प्रक्रिया बंद करतं, सर्व्हरचा खर्च वाचतो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि आठवड्याने कळतं की तीच बिचारी रोज रात्री कचरा काढत होती.

डेव्हीची कल्पना मात्र वाया गेली नाही. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेलने लोखंडाला वितळलेल्या जस्तात बुडवून मुलामा देण्याचं पेटंट घेतलं. जस्त आधी झिजतं, लोखंड वाचतं. तोच आपला पत्रा. चाळीवरचा, गोठ्यावरचा, पावसात ताशा वाजवणारा पत्रा. आणि दादाच्या धुराड्याच्या बुडाशी असलेला तुकडाही त्याच जातीचा.

आता पुढचा प्रश्न. एवढंसं जस्त, तेही पावसाच्या पाण्यात, शेवाळाला मारतं कसं?

इथे मराठीची एक अडचण सांगते. आपण तळ्यातल्या हिरव्या तवंगालाही शेवाळ म्हणतो आणि भिंतीवरच्या मखमलीलाही शेवाळच. हे दोन अगदी वेगळे जीव आहेत. छपरावरची मखमल ही खरी वनस्पती आहे, तिला इवलीशी पानं असतात. पण तिला मुळं नसतात. खाली धरून ठेवणारे केसासारखे तंतू असतात, ते फक्त पकडायला. पाणी, क्षार, जे काही हवं ते ती अंगानेच पिते. पान बहुतेक ठिकाणी एकाच पेशीच्या जाडीचं, त्यावर आंब्याच्या पानासारखं मेणचट आवरण नाही. म्हणून तर ती दगडावर, कौलावर, कुठेही जगते. वाळून कडकडीत होते, पाऊस आला की तासाभरात पुन्हा हिरवी. पण आवरणच नाही म्हटल्यावर पाण्यातून जे येईल ते आत. चांगलं काय आणि वाईट काय, निवडायची सोयच नाही.

आणि विष किती कमी लागतं, हे दाखवलं स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेलीने. म्युनिकमध्ये तो पाण्यातल्या शेवाळावर, म्हणजे तळ्यातल्या जातीवर, प्रयोग करत होता. तांब्याची नाणी ठेवलेल्या पाण्यात ते मरायचं. नाणी काढून घेतली तरी मरायचं. पाण्यात उतरलेलं तांबं इतकं कमी, की त्या काळात मोजायला मारामार. त्याचा लेख त्याच्या मृत्यूनंतर १८९३ मध्ये छापला गेला. या परिणामाला त्याने जे नाव दिलं त्याचा अर्थ 'थोडक्याची ताकद'. (आता कुणीतरी कमेंटमध्ये आजीच्या तांब्याच्या कळशीची आठवण काढणार. काढा. आजीची कळशी आतून हिरवी होत नसे, हे मीही पाहिलंय.)

जस्ताचंही तसंच. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, पाणी किंचित आम्ल होतं. जस्ताच्या अंगावर आधीच एक करडी पुटं धरलेली असते, त्यातला अगदी थोडा भाग प्रत्येक सरीत धुऊन निघतो. ते पाणी उतारावरून खाली जातं आणि वाटेत जे कुणी आवरणाशिवाय बसलेलं आहे, त्याच्या अंगात शिरतं. दादाचा स्वच्छ पट्टा तो हा.

आता छपराकडे. अमेरिकेच्या त्या वायव्य कोपऱ्यात पूर्वी शिंगल म्हणजे लाकडाची फळी. तिथल्या लाल सीडर झाडाच्या पातळ फळ्या कौलांसारख्या एकावर एक रचायच्या. आज सिॲटलचा भाग असलेलं बॅलर्ड १९०७ पर्यंत वेगळं गाव होतं, आणि शिंगलच्या गिरण्यांमुळे त्याला जगाची शिंगल-राजधानी म्हणायचे. हे काम भयंकर होतं. कामगार एका हाताने उघड्या फिरत्या करवतीवर लाकूड सरकवायचा आणि दुसऱ्या हाताने तुकडा उचलायचा. हाताची बोटं मोजली की माणूस या धंद्यातला आहे हे कळायचं, असं म्हणत. १९१६ मध्ये एव्हरेट गावात याच कामगारांच्या संपातून प्रकरण चिघळलं आणि ५ नोव्हेंबरला बंदरावर गोळीबार झाला. किमान सात माणसं मेली.

लाकडी शिंगल हळूहळू मागे पडले ते आगीमुळे. एका घराला आग लागली की जळती फळी उडून दुसऱ्या घरावर. कॅलिफोर्नियात बर्कलीला १९२३ मध्ये असंच होत होत अख्खी वस्ती गेली. त्याआधीच, १९०३ मध्ये, मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या हेन्री रेनॉल्ड्सने डांबर लावलेल्या, वर दगडाचे बारीक खडे दाबलेल्या गुंडाळीचे तुकडे कापून ते शिंगलसारखे लावायला सुरुवात केली होती. दादाचं छप्पर त्याच वंशातलं.

या डांबरी शिंगलचा पृष्ठभाग सँडपेपरसारखा खरखरीत. खड्यांमध्ये धूळ अडकते, झाडांचा पाला कुजतो, आणि तिथे ऑक्टोबर ते मे म्हणजे सतत रिपरिप. आपल्यासारखा धो धो पाऊस नाही, पण आठ महिने ओल. त्यात उत्तरेचा उतार, ऊन नावाला. शेवाळाला आणखी काय हवं? दिसायला गोड, पण ते शिंगलच्या कडेखाली शिरून ती उचलतं. उचललेल्या कडेखाली पाणी जातं, आणि थंडीत गोठलं की आणखी उचलतं. विमा कंपनी उगाच पत्र पाठवत नाही, एवढं मान्य करावं लागेल. (६० दिवस, तेही भर पावसाळ्यात, यावर वहिनीचं मत वेगळं आहे आणि ते इथे छापण्यासारखं नाही.)

तर जस्ताची पट्टी. आढ्यालगत, वरच्या शिंगलच्या कडेखाली सरकवून ठोकायची, पाचेक सेंटिमीटर उघडी ठेवायची. बस्स. पण छपरवाले सांगताना दोन गोष्टी गाळतात. एक, आधीच माजलेलं शेवाळ पट्टीने जात नाही. ते हाताने, मऊ ब्रशने काढावं लागतं. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढलं तर शिंगलचे खडेही निघून जातात. दोन, पट्टीचा असर खाली जाता जाता ओसरतो. पहिले काही फूट छान, मग पाणी पातळ होत जातं. लांब उताराला मध्ये दुसरी पट्टी लावावी लागते. काही कंपन्या यावर उपाय म्हणून शिंगलच्या खड्यांतच तांबं घालायला लागल्या, म्हणजे छपरभर थोडं थोडं सुटत राहील. डेव्हीच्या जहाजाचा तळ आता घराच्या डोक्यावर चढला म्हणायचा.

मी दादाला हे सगळं सांगितलं. तो खूश. "मग ठोकतो." आणि तेवढ्यात वहिनी मागून म्हणाली, "पण ते पाणी जातं कुठे?"

दादाच्या घरामागे ओढा आहे. पन्हळीचं पाणी नळीतून खाली, नळीतून गटारात, गटारातून ओढ्यात. ओढा पुढे टुआलाटिन नदीला मिळतो. त्या मुलखात सॅमन म्हणजे नुसता मासा नाही. तिथल्या आदिवासींचं अन्न, त्यांचे सण, त्यांचे सरकारशी झालेले करार, सगळं सॅमनभोवती. आणि माशांच्या कल्ल्यांना जस्त सोसत नाही. तांबं तर त्याहून वाईट, अगदी थोड्या तांब्याने सॅमनची वास घेण्याची शक्ती मंदावते. समुद्रातून परत येताना जन्माची नदी तो वासाने ओळखतो, हे लक्षात घ्या.

शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात कारखान्यांच्या आवारातून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्याला जस्ताची एक पातळी ठरवून दिली आहे, लिटरमागे ११७ मायक्रोग्रॅम. त्यापुढे गेलात तर उपाय करा. आणि अनेक कारखान्यांत हे जस्त यंत्रांतून येत नव्हतं, मुलाम्याच्या पत्र्याच्या छपरांवरून येत होतं. लोकांना छपरं रंगवून घ्यावी लागली.

मग मी गणित मांडलं. (पेन काढा, किंवा सोडा, मी करते.) स्वीडनमध्ये स्टॉकहोमला जस्ताच्या पत्र्यावरून वर्षाला किती जस्त धुऊन जातं हे बरीच वर्षं मोजलंय. चौरस मीटरमागे साधारण ३ ग्रॅम धरू. दादाच्या घराचं आढं १२ मीटर. दोन्ही बाजूंना पट्टी, प्रत्येकी ५ सेंटिमीटर उघडी, म्हणजे १.२ चौरस मीटर जस्त. वर्षाला सुटणार ३.६ ग्रॅम. एका रुपयाच्या नाण्याएवढं. छपराखालची जागा १२० चौरस मीटर, पाऊस वर्षाला ०.९ मीटर, म्हणजे १ लाख ८ हजार लिटर पाणी. भागाकार केला की लिटरमागे साधारण ३३ मायक्रोग्रॅम. ११७ च्या खाली.

आता हेच अख्खं छप्पर जस्ताच्या पत्र्याचं असतं तर? ३६० ग्रॅम. लिटरमागे ३,३०० मायक्रोग्रॅम. कारखान्यांची छपरं का रंगवावी लागली ते या आकड्यात दिसतं.

हा माझा ढोबळ हिशोब आहे, सरासरीचा. पहिल्या सरीत जास्त येतं, पट्टीच्या अगदी खाली जास्त असतं. आणि दादाचं एकच घर नाही, त्या ओढ्यावर शेकडो घरं आहेत. प्रत्येकाने एकेक नाणं टाकलं तर? मी दादाला "ठोक" म्हणाले नाही आणि "नको"ही म्हणाले नाही. हिशोब पाठवला.

आणि मग शेवटच्या शनिवारी मला पोर्टलंडचीच एक गोष्ट सापडली.

डिसेंबर २०१३. अमेरिकेच्या वन खात्यातल्या संशोधकांनी पोर्टलंड शहरातल्या झाडांच्या खोडांवरून शेवाळाचे ३४६ नमुने गोळा केले. यंत्रं महाग, शहर मोठं, आणि शेवाळ फुकट. ते मुळाने मातीतलं काही घेत नाही, जे घेतं ते हवेतून आणि पावसातून. म्हणजे शहराच्या हवेचा हिशोब झाडाझाडावर लिहिलेला आहे, फक्त वाचायचा. ही युक्ती १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये सुरू झाली होती.

नकाशा काढला तर दोन जागी कॅडमियमचे ठळक डाग. कॅडमियम म्हणजे जस्ताचा आवर्तसारणीतला थेट खालचा शेजारी, माणसाला कर्करोग करणारा. दोन्ही डागांजवळ रंगीत काच बनवणारे कारखाने निघाले. पिवळ्या, नारिंगी, लाल काचेसाठी कॅडमियम लागतं. राज्याच्या पर्यावरण खात्याने मग तिथे यंत्र लावून हवा मोजली, आणि शेवाळ खरं बोलत होतं. जवळच शाळा, पाळणाघरं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ही बातमी फुटली तेव्हा आईबाप मुलांना घेऊन लघवीच्या तपासण्यांना रांगा लावत होते, अंगणातल्या भाज्या उपटून टाकत होते. कारखान्यांनी कॅडमियमचा वापर थांबवला, आणि २०१८ मध्ये ओरेगनने कारखान्यांच्या हवेसाठी नवा कायदा केला.

ज्या शहरात लोक शेवाळ मारायला छपरावर जस्त ठोकतात, त्याच शहरात शेवाळाने हे सांगितलं. आणि सांगू शकलं कशामुळे? अंगावर आवरण नाही, जे येईल ते आत घेतं, यामुळेच. पट्टीचा सगळा धंदा ज्या गोष्टीवर चालतो, तीच गोष्ट.

हे मी दादाला सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "घराचा विमा तर हवाच ना गं."

हवाच. त्याने काय केलं ते सांगते. माणूस बोलावून उत्तरेचा उतार ब्रशने साफ करून घेतला. दक्षिणेकडे ऊन येतं, तिथे पट्टी लावलीच नाही. फक्त उत्तरेला लावली, म्हणजे जस्त निम्म्यावर आलं. पन्हळीची नळी गटारातून काढून अंगणातल्या एका वाफ्यात सोडली, कारण मातीतून मुरताना बरंचसं जस्त मातीच्या कणांना चिकटून राहतं. त्या वाफ्यात भाजी लावायची नाही असं वहिनीने बजावलंय, नुसत्या झुडपांसाठी ठेवलाय. छपरावर लोंबणारी एक फांदी कापली, त्याने उन्हाची तिरीप येते. फोटो विमा कंपनीला पाठवले, ५२ व्या दिवशी. पॉलिसी चालू आहे.

मार्चमध्ये पुन्हा व्हिडिओ कॉल झाला. पट्टीखालचे पहिले पाच-सहा फूट अजून कोरे आहेत. त्याच्या खाली, पन्हळीच्या अलीकडे, हिरवी लव पुन्हा दिसायला लागली आहे. धुराड्याखालचा पट्टा आहे तसाच आहे. आणि अंगणातल्या मेपलच्या खोडावर तीन बोटं जाड शेवाळ आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही.

तुमच्याकडे कौलांवर, कठड्यावर, देवळाच्या भिंतीवर असा तांब्याखालचा किंवा पत्र्याखालचा स्वच्छ पट्टा दिसला तर फोटो नक्की पाठवा. पुढच्या शनिवारी भेटू. काळजी घ्या, बाय!